तबकडीवर ओरखडा नाही

"यंत्र गेलं! नुसती तबकडी आणि काटे राहिलेत. लवकर या हो!"

सोमवारी सकाळी कारखान्याच्या प्रमुख ब्लुएत सांदोझ यांनीच पोलिसांना फोन केला होता. इन्स्पेक्टर ओदिल बुटांवरचं बर्फ झटकत वरच्या कामाच्या खोलीत आली. ती ज्युरा डोंगरांतल्या याच घड्याळांच्या खोऱ्यात वाढलेली, त्यामुळे काय बुडालंय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. उंची पेनं बनवणाऱ्या हॅम्बुर्गच्या कंपनीने हा मरायला टेकलेला घड्याळ-कारखाना विकत घेतला होता. कंपनीचं स्वतःचं पहिलं यंत्र, म्हणजे घड्याळाच्या आतलं काळीज, आज मालक बघायला येणार होते. ते नसेल तर कारखान्याला टाळं लागायची भीती, म्हणजे सगळ्या गावाच्या पोटावर पाय.

ब्लुएत टेबलाजवळ सरकल्या.

"लांबूनच बघा, मॅडम," म्हातारा एदगार खेकसला. यंत्र त्यानेच जोडलं होतं. "तुमच्या घामाशी पोलादाचं वैर आहे. बोटांना रबरी टोप्या घालायचा कंटाळा आला म्हणून तर साहेब झालात!"

काचेच्या झाकणाखाली तबकडी आणि निळे काटे नीट ठेवलेले होते. शेजारी काटे उचलायच्या दोन पोलादी तरफा आणि टिपकागदाचा तुकडा. कागदावर दोन खोल वळ उमटले होते. ओदिलने भिंग लावलं. तबकडीवर एकही ओरखडा नव्हता. तरफांच्या मुठींवर मात्र तांबूस डाग होते.

"हे डाग शुक्रवारी नव्हते, पोरी," एदगार म्हणाला. "रोज उघड्या बोटांनी वापरतो मी त्या."

"किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे, मॅडमकडे आणि त्या शाईवाल्याकडे."

शाईवाला म्हणजे डेटलेफ, हॅम्बुर्गहून आलेला निब घडवणारा. तो दाराशी पांढराफटक पडून उभा होता.

"टिपकागद तुमचा?"

"कागद माझा. चोरी माझी नाही."

"मालकांचा हेर!" एदगार पुटपुटला.

ओदिल ब्लुएतकडे वळली. खोली चांगली उबदार होती, तरी त्या अंगातला कोट न काढता, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या होत्या.

"शुक्रवारी काय केलंत?"

"काम संपलं, घरी गेले."

"या टेबलाला हात लावलात?"

"कित्येक वर्षांत नाही. आता त्या शाईवाल्याला बेड्या घाला ना! मालक येतील."

"घातल्या असत्या," ओदिल म्हणाली. तिला पुढचं बोलायची मुळीच इच्छा नव्हती. "पण निब घडवणाऱ्याने काटे ओढून काढले असते. ज्याने काढले त्याने आधी तबकडीवर कागद ठेवला, मग तरफा लावल्या. कागदावरचे वळ त्यांचेच. वर झाकणही घातलं. चोरी करतानाही तबकडी जपली! ही सवय घड्याळवाल्याचीच. म्हणजे तुम्ही किंवा एदगार. एदगार या तरफा उघड्या बोटांनी रोज वापरतो, त्या कधी गंजल्या नाहीत. दोन दिवसांत गंजल्या त्या तुमच्या बोटांनी. पर्स टेबलावर ठेवा, मॅडम. हळूच."

ब्लुएतने पर्समधून एक डबी काढली. यंत्र आत होतं.

"ते थांबलंय," त्या म्हणाल्या. "मीच थांबवलं. आमचं पहिलं यंत्र... एकदा आपल्या हाताने चालू करावंसं वाटलं. टोप्या घातल्या नाहीत. आठवड्यात त्या केसाएवढ्या स्प्रिंगला गंज चढला, शुक्रवारी रात्री बघते तर बंद. चोरी झाली म्हटलं तर मालक मुदत देतील. बंद पडलं म्हटलं तर टाळं लावतील."

"आणि मी तुरुंगात?" डेटलेफने विचारलं.

"तुम्हाला हॅम्बुर्ग तरी आहे! आम्ही कुठे जायचं?"

एदगारने स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. "अगं, मला सांगायचंस ना," एवढंच तो म्हणाला. खाली अंगणात गाडी थांबली.

मालक हातमोजे काढतच आत आले. चोरीची बातमी त्यांना वाटेतच कळली होती.

"सापडलं?"

"सापडलं," ओदिल म्हणाली.

"चालतंय?"

डेटलेफ पुढे आला.

"नाही. स्प्रिंग बदलावी लागेल. एदगार बदलेल. त्याला वेळ द्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या."

मालक खुर्ची ओढून बसले. "दाखवा मला."

ब्लुएतचा हात सवयीने डबीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला. डबी डेटलेफने उचलली.