तळ्यावरची सावली

माझं चपला-बुटांचं दुकान आहे, आणि दुकानातला सगळ्यात टिकाऊ बूट माझ्याच पायात असतो. माळ्यावरची खोकी काढताना शिडीवरून पडलो, तेव्हापासून कमरेखाली काही हलत नाही की कळत नाही. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या बुटाचा तळ कोरा राहतो. गिऱ्हाइकांना मी तोच दाखवतो. "बघा, इतकी वर्षं वापरतोय, एक ओरखडा नाही." हसावं की नाही, या पेचात गिऱ्हाईक पडतं. बायको मात्र मुळीच हसत नाही. ती रोज माझे तळवे चोळते आणि विचारते, "काही कळलं?" सुरुवातीला एकदा मी थट्टेत "गुदगुल्या होतात" म्हणालो, तर आनंदाने ढसाढसा रडली. खरं कळल्यावर दोन दिवस बोलली नाही. ती थट्टा मी पुन्हा केली नाही.

हेलिकॉप्टरची सफर मुलीने ठरवली. ती व्यायामशाळा चालवते, त्यामुळे माणूस उचलायचा म्हणजे तिला काहीच वाटत नाही. "बाबा, नाही म्हणायचं नाही. पोत्यासारखं उचलून ठेवीन." ठेवलंही. पायलटने दार धरलं, तिने काखांत हात घालून मला पुढच्या सीटवर सरकवलं, मग एकेक पाय उचलून आत घेतला. वजन सगळीकडे नीट विभागायला हवं, म्हणून मी पुढे पायलटच्या डावीकडे आणि मायलेकी मागे. खुर्ची मैदानातच राहिली. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते, त्यांतून एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं.

पुढच्या सीटला पायांखालीही काच असते, हे मला माहीत नव्हतं. दोन बुटांच्या मधून जमीन सरकताना दिसत होती. ऊन डोक्यावर होतं, त्यामुळे आमची सावली नेमकी खालून पळत होती. ती कारखान्याच्या पत्र्यांवरून गेली तेव्हा माझ्या तळव्यांना धग लागली.

इंजिनाची असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग कुरण आलं आणि पाय मऊ जमिनीवर पडल्यासारखे झाले. दगडांच्या खाणीवरून जाताना खडी बोचली. बुटातून जेवढं कळायला हवं, तेवढंच कळत होतं. मी माणूस हिशेबी. पारखून घ्यायला डोळे मिटले.

"आता रस्ता आहे," मी म्हणालो. "डांबरी, चांगला तापलेला."

"हो," मुलगी म्हणाली.

"आता नांगरलेलं शेत. ढेकळं आहेत."

"बाबा, लबाडी नको. डोळे उघडे आहेत तुमचे."

"नाहीत," पायलट म्हणाला. "घट्ट मिटलेत."

मग बायकोचा आवाज कानात आला. "थट्टा करत असाल, तर आत्ताच सांगा."

"थट्टा नाही गं. मला पाय कळतायत."

ती रडायला लागली. ते रडणं चौघांच्याही कानांत घुमत होतं, आणि बिचारा पायलट सरळ समोर बघत राहिला.

मग तळं आलं. मोठं, काळंभोर. बुटांत पाणी शिरलं, गार, थेट मोज्यांपर्यंत. मी लहान मुलासारखा हसत सुटलो.

बरोबर मध्यावर कोणीतरी माझा डावा घोटा धरला.

मी हादरून खाली पाहिलं. घोट्याला काहीही नव्हतं. काचेखाली पाणी होतं आणि पाण्यावर आमची सावली. आम्ही पुढे जात होतो. सावली जागची हलत नव्हती.

घोट्याभोवती त्या हाताची पाचही बोटं वेगवेगळी जाणवत होती.

हेलिकॉप्टर डावीकडे कललं.

"कोण सरकलं?" पायलट ओरडला. "डावीकडे कोण सरकलं?"

कोणीच सरकलं नव्हतं. त्याच्या मनगटावरच्या शिरा फुगल्या होत्या.

मग एक हिसका बसला, आणि सावली पुन्हा आमच्याखाली पळायला लागली.

हात सुटला नाही.

उतरल्यावर पायलट लगेच गुडघ्यांवर बसला. वाकून यंत्राच्या खाली काहीतरी शोधत राहिला. मुलीने माझे पाय खुर्चीच्या फळीवर ठेवले आणि थबकली. बुटांचे तळ टाचेकडे झिजले होते, शिवणीत ओला चिखल होता. झीज मला ओळखता येते. ती चालण्याचीच होती.

ऊन, खडी, पाणी, सगळं गेलं. तळवे पुन्हा मेले. पकड तेवढी राहिली. बायकोला सांगायला तोंड उघडलं, पण खुर्ची ढकलता ढकलता ती गुणगुणत होती. शिडीवरून पडल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुई काढली. उजवा तळवा, पोटरी, मांडी. काही नाही. डावा तळवा. काही नाही. बायकोचा चेहरा उतरत चालला.

मग त्यांनी डाव्या घोट्याला सुई टोचली, आणि अख्खा पाय ताडकन मागे गेला.

"कळलं ना? हो, कळलं ना?" बायकोने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मुलगी टाळ्या पिटत होती. डॉक्टरही हसत होते.

मी हो म्हणालो.

मला सुई कळलीच नव्हती. ती त्या बोटांना टोचली होती. बोटं दचकली, क्षणभर सुटली, आणि मग गुडघ्याच्या वर येऊन घट्ट बसली.