तांदळातलं नाव

व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या स्वरूपने फॉर्मवर पेनेलोपीचा धर्म बिनदिक्कत ख्रिश्चन टाकला, तिथून सगळी सुरुवात झाली.

ती आखातातल्या बौशरच्या त्या दुकानात परत आली आणि तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. "आमच्या मालवणच्या घरी अकरा दिवस गणपती असतो. पुढचं तरी वाचायचं... तानाजी खवणेकर."

देवगडचा स्वरूप ओशाळला. नवा फॉर्म भरताना त्याने नावाचा अर्थ विचारला. तो मुद्दाम वेळ काढतोय हे तिला कळलं, आणि आवडलंही.

तिचे बाबा ज्या मालवाहू जहाजावर आचारी होते, त्याचं नाव पेनेलोपी. ती जन्मली तेव्हा ते समुद्रावरच होते. मूळची पेनेलोपी ग्रीक पुराणातली राणी. वीस वर्षं नवरा परतला नाही, आणि मागणी घालणाऱ्यांना ती म्हणायची, हे वस्त्र विणून झालं की लग्न करीन. दिवसा विणायची, रात्री उसवायची.

"म्हणजे विणणारी?"

"काही जण तसं म्हणतात. काही म्हणतात, एका रानबदकावरून आलंय."

"बदक," तो गंभीरपणे म्हणाला. "हे फॉर्मवर टाकत नाही."

मग चहा झाले. अल् घुब्राला ती शिकवायची त्या शाळेबाहेर तो वरचेवर दिसू लागला. तिकडे लांब माबेलाला राहणाऱ्याचं इथे काय काम, हे तिने विचारलं नाही. ती त्याच्या प्रेमात पडली होती, म्हणूनच घाबरली होती. आजवरची तीन स्थळं एकाच प्रश्नावर परत गेली होती. शेवटी तिने तो विचारलाच.

"लग्नात तांदळात माझं कोणतं नाव लिहिशील?"

 त्याच्या आईने सुनेसाठी 'पूर्वा' हे नाव कधीचंच ठरवून ठेवलं होतं. आईशी बोलतो, एवढंच म्हणून तो गेला. चार दिवस फोन नाही. खलास, तिने स्वतःला सांगितलं. या वेळी मात्र फार दुखत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो दारात उभा... हातात तांदळाचं ताट.

"आई चार दिवस भांडली. म्हणाली, रीत मोडायची नाही. ताटात नवीन नाव हवंच."

तिचा चेहरा उतरला. त्याने खिशातून अंगठी काढून तिच्यापुढे धरली.

"म्हणून माझं बदल. तू लिही."

पेनेलोपी उंबऱ्यातच बसली. अंगठीने तांदळात सावकाश लिहिलं – बदक.

"आईने अर्थ विचारला तर?"

"ग्रीक आहे म्हणून सांग," ती म्हणाली, आणि अंगठी पुसून तिने स्वतःच्या बोटात घातली.