नऊ ठिकाणचं नाव

२००८ साली हे घडलं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी संस्थेच्या प्रकाशन विभागातला शेवटचा टाइपरायटर जिन्यावरून खाली नेला, आणि नेताना तो भिंतीला असा आपटला की वीतभर पोपडा निघाला. तो पोपडा पुढे कुणीच भरला नाही.

विभाग म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि एक संचालकांची केबिन. शास्त्रीय पुस्तकं निघत. वर्षाला सहा-सात.

बुधवारी सकाळी फोन वाजला. संदर्भबाईंनी उचलला. पुस्तकांतले संदर्भ तपासायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना संदर्भबाई म्हणत. त्यांनाही ते आवडे.

"पुस्तक मिळालं," पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज आला. "माझं नाव कुठल्या पानावर आहे, तेवढं सांगा."

"आपण कोण?"

"लेखकाची धाकटी बहीण. दादानं सव्वीस वर्षांनी फोन केला होता. म्हणाला, तुझा लेख नऊ ठिकाणी घेतलाय, मोजून बघ. मी दोनदा मोजलं. माझी मोजमापं आहेत, पण नऊही ठिकाणी लेख दिलाय तो त्याचा. शेवटच्या यादीतसुद्धा मी नाही."

"एक मिनिट थांबा हं, मी प्रत काढते..."

"सव्वीस वर्षं थांबले. त्यानं आता मला फोन करू नये, एवढाच निरोप द्या."

फोन ठेवला गेला.

संदर्भबाईंनी प्रत उघडली. पुस्तक दगडफुलांवरचं. खडकावर, जुन्या भिंतींवर पसरणारे ते राखाडी-हिरवे डाग. ते वर्षाला किती वाढतात, यावर लेखकाचं, म्हणजे सरांचं, सगळं आयुष्य गेलं होतं. निदान लोकांना तसं वाटे. प्रत्यक्षात अकरा वर्षं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खडकांवर चढून पट्टी लावणारी होती त्यांची बहीण. १९८२ साली त्या मोजमापांवरच्या निबंधासाठी सरांचा मोठा सन्मान झाला. त्या निबंधावर नाव एकट्या सरांचं होतं. बहिणीनं बोलणं टाकलं ते तेव्हापासून.

आणि आता हे.

संचालकांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. "टाईपसेटरची चूक. तसं पत्र लिहा, माफी मागा, विषय संपवा. शुक्रवारी अकराला दोघा भावंडांना बोलावतो."

"आधी बघू तरी द्या, साहेब."

"बघा. पण शुक्रवारपर्यंत."

टाईपसेटर तिशीतला, हसरा माणूस. त्याला या खोलीत आणलं होतं संदर्भबाईंनीच. तो टेबलापाशी आला तेव्हा बाई भावंडांना बोलावण्याचं पत्र टाइप करत होत्या.

"बाई, तुमच्या पूर्णविरामानंतर दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा असते," तो मागून डोकावून म्हणाला.

"टाइपरायटरवर शिकलेय बाबा. अंगठा दोनदा पडतो. आता या वयात तो काय ऐकतोय?"

"पडू दे. पुस्तकात आपला प्रोग्राम एक गिळून टाकतो, म्हणून कुणाला कळत नाही."

"थट्टा पुरे. बस. आपलं काम मला काहीच माहीत नाही असं समजून सांग."

तो बसला. "सर साधा मजकूर पाठवतात. सजावट काही नाही. जिथं संदर्भ हवा तिथं एक खूण टाकतात, आडनाव आणि साल. त्या लेखाची सगळी माहिती वेगळ्या फाईलमध्ये असते. लेखक, शीर्षक, मासिक, पानं. मी प्रोग्राम चालवला की तो खुणेच्या जागी कंसात नाव-साल घालतो. आणि मजकुरात ज्यांच्या खुणा आहेत, तेवढ्यांचीच यादी शेवटी लावतो."

"खूण आहे, पण फाईलमध्ये नोंदच नाही, असं झालं तर?"

"तिथं ठळक प्रश्नचिन्ह छापलं जातं."

"या पुस्तकात किती प्रश्नचिन्हं आहेत?"

"एकही नाही."

"म्हणजे नुसती नोंद उडालेली नाही. नोंद काढली, आणि मजकुरात जाऊन नऊ खुणाही बदलल्या. हे यंत्राचं काम नव्हे. कुणीतरी बसून, नीट, मन लावून केलंय."

टाईपसेटरनं टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली.

"तू केलंस?"

"नाही, बाई."

"फाईल शेवटची कधी बदलली?"

"छपाईला जायच्या आधीचा मंगळवार. दुपारी एक वीस. दोन्ही फायली, एकाच वेळी."

"तू कुठं होतास?"

"दाढ काढायला. साडेबारालाच निघालो. मशीन उघडंच होतं. सगळ्या फायली त्यावरच असतात, ज्याला बदल करायचा तो येऊन बसतो. तुम्हाला ठाऊक आहे."

संदर्भबाईंनी वहीत लिहिलं: मंगळवार, एक वीस.

दुपारी त्या सरांच्या घरी गेल्या. सर शहात्तर वर्षांचे, हातात काठी. पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं. त्यांनी निरोप ऐकला होता.

"तुम्ही काय पाठवलं होतं, सर?"

"आडनाव एक, साल एक. म्हणून मी खुणा केल्या, ७४क माझी, ७४ख तिची. मजकुरात नऊ वेळा ख. त्या नऊ खुणांसाठी मी हे पुस्तक लिहिलंय, बाई. बाकी सगळं भरताड आहे."

"छपाईआधी शेवटचे कागद तपासले नाहीत?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लेकीनं तपासले."

लेक दारातच उभी होती. संदर्भबाई तिच्याबरोबर बाहेरच्या खोलीत आल्या.

"तुम्ही त्या मंगळवारी आमच्याकडे आला होतात?"

"हो. बाबांच्या दुरुस्त्या घालायला. साडेबाराला."

"एकट्याच बसला होतात मशीनवर?"

"हो." तिनं मान वर केली. "मला कळतंय तुम्ही काय विचारताय. आत्याचा मला राग आहे, खोटं कशाला बोलू? बाबा दर वर्षी तिला पत्र पाठवायचे आणि दर वर्षी ते न फोडता परत यायचं. मी लहानपणापासून बघतेय. पण तिचं नाव काढलं असतं तर बाबांनाच मारल्यासारखं झालं असतं. माझी तेवढी मजल नाही हो."

"किती वाजता निघालात?"

"एकच्या सुमाराला. बाबांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ होती."

"त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?"

लेकीनं आठवून पाहिलं. "सगळे खाली जेवायला गेले होते. तुम्ही तेवढ्या होतात. डबा खात होतात. तुम्हीच म्हणालात, झालं का तुमचं, मग मी बसते."

"बरोबर," संदर्भबाई म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या कधीच खाली जात नसत. तेवढाच वेळ खोली शांत मिळे.

परत आल्यावर त्यांनी दारावरची वही मागवली. लेकीची सही होती. बाहेर पडण्याची वेळ, एक वाजून पाच.

एक पाच आणि एक वीस. मध्ये पंधरा मिनिटं.

संध्याकाळचे पाच वाजले होते. माणसं घरी निघाली होती. संदर्भबाई टाईपसेटरच्या मशीनपाशी बसल्या. "ती संदर्भांची फाईल उघड. छापलेली नको, मूळ साधी."

त्यानं उघडली, आणि तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

संदर्भबाई एकेक नोंद बघत खाली आल्या. आडनाव, आद्याक्षर, १९७४. पानं ४१ ते ५८. ही सरांची. तिच्याखाली एक ओळ होती. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, म्हणजे ती फक्त काम करणाऱ्यांसाठी. अशा ओळी छापल्या जात नाहीत. त्यात लिहिलं होतं:

% दुबार नोंद.  एकत्र केली.

त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"तू ही ओळ कधी पाहिलीस?"

"सकाळी, तारीख बघताना," तो खिडकीपासूनच म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

तो वळला नाही. "घरी जा, बाई. उद्या बघू."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी अकराला केबिनमध्ये सहा खुर्च्या मांडल्या. सर आणि लेक एका बाजूला. बहीण आली ती पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि भावाकडे न बघता दाराजवळच्या खुर्चीत बसली. सत्तरीची, काटकुळी बाई. गुडघे खडकांनी खाल्लेले.

"तर," संचालक म्हणाले, "आमच्या टाईपसेटरकडून जी चूक..."

"त्याची चूक नाही," संदर्भबाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या. "सरांचीही नाही. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या फाईलमध्ये तुमच्या लेखाची खूण नऊ वेळा आहे, ताई. मी मोजली."

"मग गेली कुठं?" बहिणीनं विचारलं.

"सांगते. त्या वर्षी तुमचे दोघांचे लेख एकाच मासिकात आले. एकाच लेखमालेत, म्हणून शीर्षक एकच. अंक मात्र वेगळे. सरांचा पान ४१ ते ५८. तुमचा १४१ ते १५८."

"बरोबर."

"आमच्याकडे नियम असा, की लेखकाचं पूर्ण नाव द्यायचं नाही, आद्याक्षर द्यायचं. तुम्हा दोघांचं आद्याक्षर एक. दुसरा नियम, पानं दिली की अंक गाळायचा. सरांनी नियम पाळून नोंदी पाठवल्या. त्यामुळे दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या दिसत होत्या. फरक फक्त पानांच्या आकड्यांआधीच्या एकाचा. कुणालाही वाटावं, टाइप करताना तो दोन्हीकडे जास्तीचा पडला."

"आणि कुणाला तसं वाटलं?" संचालकांनी विचारलं.

"ज्या माणसाला रोज अशा नोंदी बघून एकत्र करायची सवय आहे, त्याला. सरांच्या लेकीला नाही. त्या नोंदींच्या फाईलमध्ये जातच नाहीत, आणि त्या एक पाचला गेल्या होत्या. टाईपसेटर दाढ काढायला गेला होता. एक वीसला खोलीत एकच माणूस होतं. त्यानं जास्तीची नोंद काढली. मग प्रश्नचिन्ह येऊ नये म्हणून मजकुरातल्या नऊ खुणा बदलल्या. मासिक काढून पान बघितलं नाही. सरांना फोन केला नाही. आणि खाली एक ओळ लिहून ठेवली, आपण काम केलं म्हणून. त्या ओळीत पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या आहेत."

टाईपसेटरनं मान खाली घातली.

"त्या खोलीत असं एकच माणूस लिहितं," संदर्भबाई म्हणाल्या. "मी. ते दोन्ही नियमही माझेच. आणि ताई, खरं सांगायचं तर मला ती दुपार आठवतही नाही. त्या आठवड्यात मी अशा चाळीस नोंदी एकत्र केल्या असतील."



"मी अकरा वर्षं त्या खडकांवर गेले," बहीण सावकाश म्हणाली. "आणि तुम्हाला आठवतही नाही."

"नाही."

"निदान खोटं तरी बोलत नाही तुम्ही."

टाईपसेटरनं पुढे होऊन कागद दिले. सरांची पहिली फाईल त्यानं सकाळीच चालवली होती. नऊ पानं. बहिणीनं चष्मा शोधला, सापडेना. सरांनी आपला काढून पुढे केला. तिनं तो घेतला. घेतला, एवढंच.

एकेक पान उलटत ती मोजत गेली. नवव्यावर थांबली.

"हे '१९७४ख' काय आहे?"

"ती तू," सर म्हणाले. "नियमाप्रमाणे..."

"मी ख?" ती त्यांच्याकडे वळली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. "इतकं करून शेवटी ख, दादा?"

सर रडत होते की हसत होते, कळेना. लेकीनं त्यांचा हात धरला.

"पूर्ण नाव घालते," संदर्भबाई म्हणाल्या. "आत्ता. तुमच्यासमोर."

"घाला. आणि तुम्ही पंधरा तारखेला मोकळ्या आहात का? मी अजून मोजते, पण माझे गुडघे गेलेत. पट्टी धरायला माणूस हवंय."

पुस्तकाच्या प्रती परत मागवल्या आणि नवी आवृत्ती काढली. सर त्यानंतर दोन वर्षं जगले. शेवटच्या आजारात बहीण त्यांच्या उशाशी होती, आणि दोघं शेवटपर्यंत भांडत होती, असं लेक सांगते. लेक आता शाळेत विज्ञान शिकवते. आत्याशी तिचं फार जमलं असं नाही, पण आत्याची पत्रं ती फोडते. संचालक निवृत्त झाले. त्या प्रकरणाला ते अजून 'तांत्रिक अडचण' म्हणतात. टाईपसेटर विभागाचा प्रमुख झाला. त्याच्या नियमपुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे, की नाव पूर्ण द्यावं, अंक गाळू नये, आणि नोंद काढण्याआधी लेखकाला विचारावं.

संदर्भबाई आणखी चार वर्षं त्या टेबलावर होत्या. पहिल्या आवृत्तीची एक प्रत त्यांनी परत दिली नाही. ती त्यांच्या उशाशी असते.

दर वर्षी त्याच महिन्याच्या पंधरा तारखेला त्या खडकावर जात. वर पट्टी धरून त्या, खाली बहीण. दगडफूल वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. पहिल्या वर्षी मोजून झाल्यावर बहिणीनं वही काढली, आकडा लिहिला. मग वर बघून विचारलं, "तुमचं नाव काय हो? मला संदर्भबाई एवढंच माहीत आहे."

बाईंनी सांगितलं. बहिणीनं ते आकड्याशेजारी लिहिलं. पूर्ण.