धमनीची जवारी

मिरजेच्या त्या इस्पितळात आता रक्तदाब पाहावा तितक्या सहज मान तपासतात. जेल लावायचं, प्रोब टेकवायचा, आणि मेंदूकडे जाणारी धमनी कुठे अरुंद झाली आहे ते ‘जवारी’ दाखवते. हे तंत्र शिरीन सतारमेकरनं घडवलं. सोनोग्राफीच्या चित्रावर बारीक धुरळा असतो, आणि जो तो धुरळा पुसायच्या मागे लागला होता. शिरीन पडली तंबोरे बनवणाऱ्याची लेक. घोडीवर तार टेकते तिथे कानशीनं जवारी काढली की तार गुंजते, आणि ती गुंज म्हणजे खोट नव्हे, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं धुरळा पुसला नाही, त्यातला एकेक ठिपका ऐकला. खोटा धुरळा क्षणाक्षणाला बदलतो. चरबीचा मऊ थर मात्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तसाच थरथरतो.

त्या दुपारी टेबलावर डॉ. पद्माकर शिरगुप्पे आडवे झाले, तेव्हा तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, आनंदच झाला. निवृत्त झालेले हे सोनोग्राफीतज्ज्ञ एकेकाळी देखण्या चित्रांसाठी नावाजलेले. गेन, म्हणजे प्रतिध्वनी वाढवणारं बटण, ते इतकं खाली आणत की धमनीची पोकळी काजळासारखी काळी दिसे. शिरीनच्या अब्बांची मान त्यांनीच तपासली होती. ‘नळी चकाचक आहे मिस्त्री, चला घरी,’ म्हणाले होते. महिना उलटायच्या आत अब्बांचा उजवा हात गेला, वाचा गेली. पुढे कानस समोर ठेवून ते नुसते बसत. तसेच एक दिवस गेले.

“सकाळी डाव्या डोळ्यापुढे पडदा आला. क्षणभरच हं,” डॉक्टर म्हणाले. “सूनबाई ऐकेनात, आणलंच धरून.” मग चित्राकडे पाहून त्यांनी नाक मुरडलं. “हे काय धुरकट? गेन खाली घे ना जरा, मुली.”

शिरीननं जवारी बंद केली आणि गेन खाली घेतला. धमनी काळीभोर, स्वच्छ दिसू लागली.

“अस्सं! याला म्हणतात चित्र.” डॉक्टर मानेवरचं जेल पुसू लागले.

तिनं फक्त गप्प राहायचं होतं. करावं तसं भरावं, जगानंही हेच म्हटलं असतं. ते सुख तिनं घटकाभर जिभेवर घोळवलं. पण हे मेलेच, तर मेलेल्या माणसावर कसला सूड उगवणार?

“झोपून राहा,” ती म्हणाली आणि जवारी पुन्हा सुरू केली. पोकळीत करडा थर दिसला. रक्ताला वाट उरली होती जेमतेम सुईच्या नेढ्याएवढी. शेजारी तिनं दुसरं चित्र लावलं. थर तसाच, जागाही तीच.

“ही तुमची धमनी. ती दस्तगीर सतारमेकरांची, माझ्या अब्बांची. तुमच्या जुन्या मशीनमधले कच्चे, न पुसलेले प्रतिध्वनी तळघरात साठवलेले आहेत. थर तेव्हाही दिसत होता डॉक्टर. तुम्ही तो पुसलात.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “माझं... ऑपरेशन?”

“आजच. सर्जनना कळवते. तुम्ही वाचाल. तुम्ही वाचायलाच हवं.”

“मुद्दाम केलं का मी?” त्यांचा आवाज चढला. “त्या काळी सगळे असंच करायचे! अगं, माझ्या सुमतीची मानसुद्धा मीच तपासली होती. निर्धास्त राहा म्हणालो. आठवड्यानं गेली ती अर्धांगानं. मी काय बायकोला मारलं?”

शिरीननं प्रोब पुसून जागेवर ठेवला.

“त्यांचेही प्रतिध्वनी तळघरात होते. परवाच मी ते जवारीतून काढले.”

डॉक्टरांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. काय दिसलं, हे विचारायला त्यांचे ओठ हलले.

शिरीन खाली वाकली, त्यांच्या कानाशी.

“सांगू?”