चाळिसावी शक्यता

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल उलटे ठेवा. कोपऱ्यातल्याने हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्यावं, मग मध्ये नको. भुतं असतात की नाही हे मला विचारू नका. मी जन्मभर स्क्रू आणि बिजागऱ्या विकल्या. जे हातात धरून दाखवता येत नाही, त्याच्याबद्दल मी सहसा तोंड उघडत नाही. पण मिस्त्री माझ्या दुकानाला लागून काम करायचा, वीस वर्षं आमचा चहा एकाच किटलीतला. तो थापा मारणारा माणूस नव्हता. थापा मारायला लागणारी कल्पनाशक्तीच देवाने त्याला दिली नव्हती.

परवा परवाची गोष्ट आहे, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. रात्री साडेआठला मिस्त्रीने वर्कशॉपचं शटर ओढलं, खांद्याला हत्यारांची पिशवी लावली आणि तो मास्तरांच्या घराकडे निघाला. दुपारी मास्तरांचा निरोप आला होता, "कठड्याचं बघायचंय, जेवून या." तो न जेवताच निघाला.

कारण सांगतो. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. अरुंद गल्लीतलं दुमजली घर, खाली बैठकीची खोली, तिच्यातूनच वर जाणारा जिना. वर पॅसेज, आणि पॅसेजला मिस्त्रीने बनवलेला लाकडी कठडा. त्या कठड्यावरून, नाहीतर कठड्यातून, नाहीतर देव जाणे कशी, मास्तरांची पाच वर्षांची मुलगी खाली फरशीवर पडली होती. सव्वीस दिवसांपूर्वी. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. पोलीस आले, 'तोल जाऊन पडली' असं दोन ओळींत लिहून गेले. मुलीच्या आईला तिचा भाऊ घेऊन गेला. मास्तर त्या घरात एकटे राहिले.

आता मिस्त्रीचं काम कसं, ते ऐका. कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये चार इंच फट ठेवायची, म्हणजे पोराचं डोकं जात नाही. बाकीचे लोक टेप लावतात. हा आपली मूठ घालायचा. उजवी मूठ आडवी बरोब्बर चार इंच, ना सूत कमी ना सूत जास्त. त्याचा त्याला मोठा गर्व. मी म्हणायचो, "अरे, टेप काय दीडशे रुपयाला मिळते, घे एक माझ्याकडून." तो मूठ दाखवून म्हणायचा, "ही फुकट आहे आणि हरवत नाही."

पण मास्तरांचा कठडा बसवला त्या आठवड्यात पटाशी लागून त्याचा पंजा कापला होता. मुठीवर ही जाड पट्टी. आणि सवयीने त्याने तीच मूठ घातली... पट्टीसकट. म्हणजे फट चार इंचांहून मोठी. मुलगी गेल्याचं कळलं त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला हे आठवलं आणि तो ताडकन उठून बसला. तेव्हापासून कुणाला एक अक्षर बोलला नव्हता. बायकोलासुद्धा नाही.

तर त्याची खात्री होती की मास्तरांनी फट मोजली आणि आपण सापडलो.

मास्तरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्टाला इस्त्री. "या मिस्त्री. चपला राहू द्या." फरशीवर खडूने फुल्या मारलेल्या. जिन्याच्या पायरीपायरीवर आकडे. आणि एका खुर्चीवर वाळूची पिशवी, सुतळीने तोंड बांधलेली.

"सोळा किलो," मास्तर म्हणाले. "तिचं वजन होतं तेवढी."

मिस्त्री त्या पिशवीकडे बघत उभा राहिला.

मास्तरांनी एक वही उघडली. "एकोणचाळीस शक्यता झाल्या. एक, स्टुलावर चढली. तर स्टूल मोरीत होतं, पालथं. काट. दोन, कठड्यावरून घसरगुंडी केली. तर वरच्या दांडीवरची धूळ तशीच होती, मी दुसऱ्या दिवशी पाहिली. काट. सात, पाय घसरला. तर ती इथे पडायला हवी, पायरीशी." त्यांनी एका फुलीवर पाय ठेवला. "ती पडली तिथे." दुसरी फुली स्वयंपाकघराच्या दाराजवळ होती. तिथे पाय ठेवायची मास्तरांची छाती झाली नाही, त्यांनी नुसतं बोट दाखवलं. "पिशवी मी सगळीकडून टाकून पाहिली. तिथे पडत नाही."

"आणि... फटीतून?" मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं.

"छे. चार इंचाची फट. तुमचं काम आहे. ते मी शक्यतांत धरलंच नाही."

बघा आता! पोलिसांवर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, स्वतःवर तर नाहीच नाही. ह्याच्या मुठीवर मात्र आहे. मिस्त्री मला म्हणाला, "त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं." पण तेव्हाही तो बोलला नाही.

मग मास्तर दुसऱ्या खुर्चीत बसले. समोर टेबल, टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, पाठ जिन्याकडे. "मी असा बसलो होतो. नऊ वाजून दहा मिनिटं. तिने वरून हाक मारली, 'बाबा, बघ ना.' मी म्हटलं, 'थांब.' मान वर केली नाही, मिस्त्री. एक बेरीज राहिली होती. बेरीज झाली... आणि आवाज आला."

घड्याळात नऊला पाच कमी होती.

"तुम्हाला कठड्यासाठी नाही बोलावलं," मास्तर हळूच म्हणाले. "रोज नऊ-दहाला ती हाक मला ऐकू येते. रोज. मी लगेच वळून बघतो, पण मी वळेपर्यंत वर काही नसतं. म्हणजे मला पुन्हा उशीरच होतो. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी आधीपासूनच वर बघत राहावं. कशी पडते तेवढं मला सांगा. बास. मग मी कुणाला त्रास देणार नाही."

मिस्त्रीला पळून जायचं होतं. त्याने ते माझ्यापासून लपवलं नाही. पण ज्याच्या मुठीने ते घर बिघडलं, त्याने त्या घरातून पळायचं कुठल्या तोंडाने? त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. भिंतीला टेकून उभा राहिला. मास्तरांनी खोलीतला दिवा घालवला. टेबलावरचा एक राहिला, पॅसेजमधला एक. त्या रात्री होते तसेच.

मिस्त्री वर बघत राहिला.

बारा दांडे. मागे भिंत. भिंतीवर एक लहानसं कॅलेंडर. बाकी काही नाही.

नऊ वाजले... पाच झाली... मास्तरांचं पेन कागदावर फिरत होतं. ते खरंच पेपर तपासत होते.

सात.

आठ.

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तरी पापणी हलवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आणि हाक आली. मोठ्याने नाही. घरातलं पोर मारतं तशी, हट्टाची.

"बाबा, बघ ना..."

मिस्त्रीची पापणी हलली. एकदाच.

डोळे उघडले तेव्हा दोन पाय होते. लहान. अनवाणी. कठड्याच्या बाहेरच्या कडेवर. बाहेरच्या, कळलं? बोटं कडेच्या पुढे आलेली. वर बघायला तो धजला नाही... नुसते पाय.

"बघतोय गं, बघतोय!" खुर्ची पडली. मास्तर वळले होते. "कुठे? मिस्त्री, कुठे आहे?"

मिस्त्री धावला. खाली हात पसरून उभं राहावं की वर जाऊन धरावं, हे त्याला कळलं नाही. तो जिन्याने वर धावला. चौदा पायऱ्या. वर पोचला, कठड्याबाहेर दोन्ही हात घातले...

काही नव्हतं.

खाली काही पडल्याचा आवाजही आला नाही.

तो उतरायला लागला तेव्हा त्याचे पाय जड झाले होते. घाबरून गळाठलो असेन, असं त्याला वाटलं. पाठ वाकत होती. भिंत धरून तो एक एक पायरी उतरला. खाली मास्तर उभे होते, हातात वही.

"दिसली? कशी?"

"पाय दिसले. बाहेर होते. बाहेर कशी आली... ते नाही दिसलं. पापणी लवली हो मास्तर माझी." आणि मग तो रडायला लागला आणि रडत रडतच सगळं ओकला. पटाशी, पट्टी, मूठ. "फटीतूनच गेली ती. माझ्यामुळे गेली. तुमचं काही चुकलं नाही."

टेबलाच्या खणातून मास्तरांनी टेप काढली आणि वर गेले. पहिली फट. दुसरी. तिसरी. खाली उभ्या मिस्त्रीला टेपचा खर्र खर्र आवाज ऐकू येत होता. अकराही फटी मोजून झाल्या. मग त्यांनी मिस्त्रीला वर बोलावलं आणि टेप त्याच्या हातात दिली.

चार इंच. प्रत्येक फट चार इंच. ना सूत कमी ना सूत जास्त. मिस्त्रीने तीनदा मोजलं. पट्टी होती हे खरं, मलाही आठवते ती, माझ्याच दुकानात त्याने ती बदलली होती. मग फट चारची कशी आली? त्याला सांगता येईना.

मास्तर तिथेच पायरीवर बसले. वहीत त्यांनी चाळीस आकडा घातला, पुढे 'फटीतून' असं लिहिलं आणि त्यावर रेघ मारली.

"तुम्हीपण, मिस्त्री?" ते म्हणाले. रागाने नाही. उलट इतक्या मायेने की मिस्त्रीला ते सोसवलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. नका घेऊ. मी 'थांब' म्हणालो, एवढंच काय ते खरं आहे."

ह्याचा गुन्हा कुणी घ्यायला तयार नाही आणि त्यांचा कुणाला काढून घेता येत नाही. दोघं बराच वेळ त्या जिन्यात बसून राहिले. साडेदहाच्या सुमाराला मिस्त्री निघाला. रस्ताभर पाठ दुखत होती. एका हातगाडीवाल्याने त्याला थांबून वाट दिली आणि जरा विचित्र नजरेने बघितलं, तेवढंच.

घरी आला. दाराशी येताच पाठीवरचा भार उतरला, एकदम. बायकोने दार उघडलं, तो आत गेला आणि ती मागून म्हणाली,

"कुणाच्या पोराला पाठीवर घेतलं होतं हो?"

सदरा काढून बघितला. दोन्ही खांद्यांवर कापड चुरगळलेलं. दोन लहान मुठींत धरल्यासारखं, इकडे एक, तिकडे एक. तिने धुतला. इस्त्री केली. परत धुतला. बाकी सदरा साफ होतो, त्या दोन जागा होत नाहीत. मिस्त्री गेला गेल्या वर्षी. सदरा तिने टाकला नाही. परवाच मी जाऊन बघून आलो, हात लावून बघितला. पाच पाच बोटांच्या चुण्या मोजता येतात. आणि काय घट्ट धरलंय, पोरांनो... खाली पडायची भीती वाटल्यावर मूल धरतं ना, तेवढं घट्ट.