‘आक-कू’ची थरथर

“आपा, आज तीन वाजता धक्क्याची समिती माझा बोट चालवायचा परवाना काढून घेणार आहे,” कुंदुझ दारातूनच म्हणाली. “आणि मी बोट खडकावर घातलेली नाही.”

बुरूल आपांनी तिला बसवले, पाव मोडून पुढे ठेवला आणि मगच बोलू दिले. इस्सिक-कूल सरोवरावर तीस वर्षे जहाजांची इंजिने सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता काठावरच्या लोकांची कोडी सोडवीत. धाकटे दीर तोक्तोसून मास्तर सोबत असत. प्रत्येक कोड्याचे उत्तर तेच आधी देत, आणि ते बहुधा चुकत.

कुंदुझची ‘आक-कू’, म्हणजे ‘हंस’, ही लाकडी मोटरबोट प्रवाशांना फिरवी. हिवाळाभर ती काठावर होती. वसंतात पाण्यात उतरली ती थरथरतच. धक्क्यावर सुकाणू धरणारी कुंदुझ एकटी बाई. त्यामुळे दोष कुणाचा, हे साऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. बोट दुरुस्त करणाऱ्या सिम्योन मिस्त्रीने तर समितीला लिहूनच दिले होते: खडकाचा तडाखा, पंखा फिरवणारा शाफ्ट वाकला.

“जाऊन हात जोडू का त्यांना?”

“मुळीच नाही,” आपा उठल्या. “पाना घे.”

धक्क्यावर आपांनी इंजिनाच्या झाकणावर चहाने काठोकाठ भरलेला पियाला ठेवला. कुंदुझने गिअर न टाकता इंजिन जोरात फिरवले. चहावर नुसती बारीक सुरकुती उमटली. गिअर टाकून बोट सावकाश हलवताच अर्धा चहा सांडला.

“इंजिन बिघडलंय,” मास्तर म्हणाले.

“ते बिचारं आत्ता शहाण्यासारखं वागलं, मास्तर.”

शेजारच्या बोटीचा मालक मकसात हसला. कुंदुझची जागा आपल्याला हवी आहे, हे तो लपवीत नसे. “खडकावर घातली तिनं. मी पाहिलंय. बायकांनी घोडीच्या दुधाचं कुमिस घुसळावं, पाणी नव्हे.”

“आईनं घुसळलेलं पिऊनच एवढा झालास ना?” आपांनी विचारले आणि त्या धक्क्याच्या कडेवरून वाकल्या. पाणी तळापर्यंत स्वच्छ होते. बोटीच्या मागच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांना ओरखडा नव्हता. बोटीच्या तळाचा नवा रंगही जसाच्या तसा होता.

कुंदुझची सासू उलकान दोर गुंडाळीत बसली होती.

“बोट उतरवण्यासाठी मशिदीतल्या मोल्दोनं बुधवारचा मुहूर्त सांगितला होता,” ती म्हणाली. “मेंढा कापला, साठ पाहुणे जमले. दुपारच्या आत ती पाण्यात जायलाच हवी होती. शिजलेलं मांस थांबतं होय?”

“आत पाणी आलं?” आपांनी विचारले.

“दोन दिवस आलं. मी किटलीनं उपसलं. मग आपोआप थांबलं.”

“भोक आहे,” मास्तर कुजबुजले. “म्हातारी लपवतेय.”

सिम्योन मिस्त्री आपल्या शेडमध्ये होता. “इंजिन आणि शाफ्ट मी स्वतः एका रेषेत जुळवलेत. बुधवारी सकाळी, काठावरच. मग जेवायला बसलो.”

“पुन्हा पाहिलंत?”

“कशाला? चाळीस वर्षं लोखंडी बोटी जुळवल्यात, आपा. माझं काम दुसऱ्यांदा पाहावं लागत नाही.”

“तर मग तुमचा फट मोजायचा फिलर गेज द्या तेवढा.”

तो त्याने नाइलाजाने दिला.

तीन वाजता समितीचे तिघे धक्क्यावर आले. मागोमाग सिम्योन आणि मकसात. बोट बांधलेली होती; इंजिन आणि शाफ्ट जिथे मिळतात त्या कपलिंगचे बोल्ट कुंदुझने काढून ठेवले होते.

“अध्यक्ष, इथे बघा,” आपा म्हणाल्या. “या दोन चकत्यांमध्ये वर गेजची सर्वांत पातळ पट्टी शिरत नाही, खाली जाड पट्टीसुद्धा शिरते. कुंदुझ, शाफ्ट अर्धा फिरव. शाफ्ट वाकला असता, तर फट त्याच्याबरोबर फिरून वर आली असती. कुठे आहे ती, मास्तर?”

मास्तरांनी वाकून पाहिले. “खालीच.”

“बरोबर.” मास्तर चकित झाले.

“म्हणजे शाफ्ट सरळ आहे. पंखा अभंग, तळावर ओरखडा नाही; मकसातने खडक स्वप्नात पाहिला. गिअर टाकेपर्यंत चहा शांत होता. म्हणजे इंजिनही निर्दोष. उरली जुळवणी. उलकानने दोन दिवस पाणी उपसले आणि ते आपोआप थांबले. भोक आपोआप बुजत नसते. हिवाळ्यात सुकलेल्या फळ्या भिजून फुगल्या. फुगताना त्यांनी बोटीचा आकार बदलला आणि इंजिन जागचे हलवले. लाकडी बोट चार दिवस भिजवून, तरंगत असतानाच जुळवायची असते. लोखंड फुगत नाही. म्हणून सिम्योनना हे शिकावे लागले नाही.”

“मुहूर्त होता, पाहुणे होते...” सिम्योन पुटपुटला.

“मुहूर्त बोट उतरवण्याचा होता. जुळवणी रविवारी करता आली असती. चूक कोणाचीही होते, सिम्योन. थरथर सुरू झाल्यावर तुम्हाला ती कळलीही होती, हे तुमच्या आत्ताच्या बोलण्यावरूनच दिसतं. ती झाकायला तुम्ही या मुलीच्या नावावर खडक लिहून दिलात.”

सिम्योनने मान खाली घातली. अध्यक्ष खाकरले. “ठीक. पुढच्या आठवड्यात विचार करू.”

“नाही,” कुंदुझ म्हणाली. “परवाना आज काढून घेणार होतात ना? तर निकालही आजच. बसा.”

ते बसले. तासभर ती आत गुडघ्यांवर होती. इंजिनाच्या पुढच्या पायांखालच्या पत्र्याच्या चकत्या एकेक काढून, इंजिन पुढून खाली बसवून तिने फट मिटवली आणि बोल्ट आवळले. सिम्योनने दिवा धरला.

मग अध्यक्षांसमोर काठोकाठ भरलेला पियाला ठेवून तिने ‘आक-कू’ भर वेगाने पाण्यावर काढली. चहाचा थेंबही सांडला नाही. धक्का पुन्हा जवळ आला तेव्हा अध्यक्षांनी हसून पियाल्याकडे हात नेला.

कुंदुझने तो बाजूला सरकवला.

“आधी परवान्यावर सही,” ती म्हणाली. “मग चहा.”