उतारावरचा कोबी

कोबीचा गड्डा तिच्या हातातून निसटला, उड्या मारत उतारावरून गेला आणि थेट खालच्या घरी नव्यानं राहायला आलेल्या सुताराच्या दारात थांबला. डोंगरावरच्या त्या गावात हरवलेली वस्तू शोधावी लागत नसे. खालच्या घरी जाऊन विचारलं की झालं.

ती धापा टाकत पोचली. कानावर पेन्सिल, केसांत भुसा अशा अवतारात सुतार गड्डा निरखत होता.

“तुमचा का?”

“आमचाच. पण... इथं रमलेला दिसतोय.”

“येत जाऊ दे की मग,” तो गंभीरपणे म्हणाला.

कोबी येत गेले. हातातून कधी सुई न पडलेल्या मुलीच्या हातांना अचानक काय झालं, याचं तिला स्वतःलाच कुतूहल वाटू लागलं. तिचे बाबा निवृत्त बसड्रायव्हर, अजूनही घराचा कोपरा वळताना तोंडानं हॉर्न द्यायचे. कोबी घरंगळतो हे त्यांना मान्य होतं. पण परवा मुळाही घरंगळला म्हणे... तो कसा, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी शेताच्या कडेला कुंपण घालायचं ठरवलं आणि काम दिलं सुतारालाच.

त्यानं ते हसत घेतलं. हेच तिला लागलं. कुंपण झालं की खाली जायला कारण उरणार नव्हतं, आणि हा गडी शीळ घालत खुंट ठोकत होता! फक्त मधली थोडी जागा त्यानं मोकळी सोडली होती. तिथं तो तासन्‌तास नुसता बघत बसे. शेवटी तिला राहवेना. नुकताच काढलेला गड्डा हातात घेऊनच ती तिथं गेली.

“एवढी मोकळी जागा? यातून गाढवसुद्धा जाईल.”

“जरा उभ्या राहा तिथं.”

ती राहिली. अंग न चोरताही दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. त्यानं समाधानानं मान हलवली.

“फाटक बसवतोय. तुमच्या... तुझ्या मापाचं. काही न पाडताही येता येईल.” मग पेन्सिल कानावर खोचत, “आणि तो मुळा घरंगळला नव्हता. तू फेकलास. मी बघत होतो.”

तिचे कान तापले. मागून हॉर्न वाजला.

“फाटक उघडतं कुठल्या बाजूला?” बाबांनी विचारलं.

“दोन्ही,” सुतार म्हणाला.

बाबांनी उतारावरून खालपर्यंत नजर टाकली. “मग पायऱ्या पण कर. माझे गुडघे दुखतात.”

तिनं हातातला गड्डा हळूच जमिनीवर ठेवला, घरंगळू नये म्हणून त्याला दगड लावला, आणि पहिल्यांदाच काही न पाडता खाली निघाली.